पुलाचा फोटो आहे, तुझा नाही

प्रिय दादा,

तुझं नाक कसं होतं रे? सरळ होतं, की बाबांसारखं मधे उंच? हेच विचारायला आज कागद घेऊन बसली. दुसऱ्या कोणाला विचारावं तर विचारण्यासारखं माणूसच उरलं नाही. बाबा गेले, माय गेली, दोन वर्षांखाली आपला नामदेवही गेला. तुला डोळ्यांनी पाहिलेली या घरात आता मी एकटी. आणि मला तुझं नाक आठवून नाही राहिलं. मग तुलाच विचारते.

हसू नको. वेळच तशी आली आहे. गावात तुझं स्मारक होऊन राहिलं. तलावाच्या पारीखाली, बांधाच्या पायथ्याशी, जिथं एसटी थांबते तिथं ओटा बांधला, वर काळा चकचकीत दगड बसवला. दगडावर तुझं नाव कोरलं आहे, आणि नावाच्या वर एक चौकोन मोकळा सोडला आहे, फोटोसाठी. येत्या सव्वीस जानेवारीला पडदा उघडायचा आहे. नामदेवाचा दिनेश सगळी धावपळ करून राहिला. तू त्याला पाहिलं नाहीस. तुझा पुतण्या आहे तो, आणि आता त्याचेच केस पिकले.

एवढ्या वर्षांनी काऊन आठवण झाली म्हणशील. मलाही तेच वाटलं होतं. पण गावातल्या पोरांनी काढलं हे. भरतीसाठी सकाळी पारीवरून धावतात, त्यांना कोणीतरी सांगितलं की या गावचा एक जण एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. ते घरी आले आणि म्हणाले, आजी, फोटो द्या. मी भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. ते फोटोकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात. एक जण म्हणाला, आजी, हा तर पूल आहे.

पूलच आहे. तुझा म्हणून आपल्या घरात तेवढा एकच फोटो आहे.

तुला हे माहीत नसेल, म्हणून सांगते. तुझी तार आली तेव्हा धानाची मळणी सुरू होती. तारेत लिहिलं होतं की तू कामी आलास आणि देह नदीत गेला, मिळाला नाही. बाबा खळ्यातच खाली बसले. मायनं मात्र ऐकलंच नाही. मिळाला नाही म्हणजे कुठं तरी असेल, असं तिनं धरलं. महिनाभर रोज दुपारी सौंदडच्या स्टेशनाकडे तोंड करून ओसरीत बसायची. जेवायला बोलावलं की म्हणे, गाडी येऊन जाऊ दे.

मग भाऊबंद जमले. देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, ते करून टाका, नाही तर पोराचा जीव अडकून राहील, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पळसाला काय तोटा आपल्याकडे! पानं आणली, काड्यांचे हातपाय बांधले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. तू तसा नारळ होऊन निजलेला मी पाहिला, दादा. सातवीत होती मी. बायकांनी मला आत ओढलं, पण मी दारातून पाहून राहिली होती.

बाबा अग्नी द्यायला वाकले आणि थांबले. त्या नारळाकडे पाहत राहिले. मग उठून घरात गेले आणि तुझा फोटो घेऊन आले. भरतीला जाताना गोंदियाच्या बाजारात काढलेला, वर्दी यायच्या आधीचा, पांढऱ्या सदऱ्यातला. तो त्यांनी नारळावर सुतळीनं बांधला. कोणी तरी म्हणालं, अजी, हे कायले? बाबा म्हणाले, "बिनचेहऱ्याचा कसा जाळू पोराले?"

कोणी अडवलं नाही. अडवणार कोण? बापच तो. चरचर करून पानं पेटली, फोटोची कड वाकडी झाली, आणि झालं. घरात दुसरा फोटो नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं ते तेराव्याला, माय म्हणाली आणा त्याचा फोटो, हार घालू, तेव्हा. त्या दिवशी बाबांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. माय त्यांना काही बोलली नाही. तुझ्यावर मात्र रागावली ती. फोटोवाला दोन प्रती देऊन राहिला होता, तू म्हणालास एकच पुरे, सुट्टीवर आलो की वर्दीतला काढू. काऊन म्हणालास तसं?

पुलाचा फोटो नंतर आला. उन्हाळ्यात तुझा जोडीदार आला होता, भंडाऱ्याकडचा, तुझ्याच पलटणीतला. पूल बांधायची, दुरुस्त करायची ती पलटण. भरतीत साहेबानं मातीकाम येते का विचारलं तर तू म्हणाला होतास ना, आमच्या घराण्यानं तलाव बांधले! तो किस्सा त्यानं ओसरीवर बसून सांगितला आणि बाबा कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसले. मग त्यानं पिशवीतून फोटो काढला. लांबच लांब लोखंडी पूल, इंग्रजांच्या राज्यातला, सीमेपलीकडचा मोठा नामांकित. मागं हटताना दुश्मनानं त्याची एक कमान उडवली होती. ती तुटून एका बाजूनं पाण्यात टेकलेली फोटोत दिसते. कमान पुन्हा कशी उचलायची ते पाहायला तुम्ही नावेतून खाली गेला होता, आणि पलीकडच्या काठावर दुश्मनाचं कोणी राहिलं असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. गोळी तिकडूनच आली. त्यानं फोटोवर बोट ठेवलं. म्हणाला, या खांबापाशी.

तुझी नदी अशी की पल्याडचा काठ नुसता रेघेएवढा दिसते. तूच लिहिलं होतंस, आपला तलाव इथं आणला तर शेतातल्या डबक्यासारखी बोडी दिसेल. माय म्हणायची, एवढ्या पाण्यात कायले उतरला तो? तलावात तर कमरेच्या पुढं जात नव्हता.

तेव्हापासून तो पूल आपल्या भिंतीवर. जिथं त्यानं बोट ठेवलं तिथं माय कुंकू लावायची. पितरांच्या दिवसांत पुलाला पान वाढायची. दिवाळीत पुलाला ओवाळायची. नामदेवाची बायको नवीन आली तेव्हा बिचारीनं मला हळूच विचारलं, वन्सं, तुमच्यात पुलाची पूजा करतात का? मला हसूही आलं आणि रडूही. कुंकू लावून लावून तो खांब आता दिसतच नाही, तिथं लाल डाग आहे नुसता. कधी कधी माय पुलाशी भांडायची. तू उभा आहेस न, मग माझं पोरगं कोठं ठेवलं, असं विचारायची. पूल काय सांगणार?

माय तशीच गेली. शेवटी तिला कोणी ओळखू येत नव्हतं, पण पूल ओळखायची.

दिनेशनं मागे एकदा मोबाईलमध्ये तोच पूल शोधून काढला. म्हणाला, आत्या, पहा, आताचा फोटो. रंगीत. अरे, कमान जागेवर बसवली आहे! वरून गाडी जाऊन राहिली, खाली वाळूत पोरंपोरी हात पसरून फोटो काढून राहिली. मी किती पाहिलं, कुठली कमान तुटली होती ते सांगता येत नाही, इतकी सारखी केली आहे. तुमच्याच लोकांनी उचलली असेल ती. चांगलं झालं म्हणावं की काय म्हणावं मला समजलं नाही. मोबाईल त्याला परत दिला आणि तांदूळ निवडायला बसली.

तर असं. दगडावरच्या चौकोनात काय बसवायचं हा प्रश्न उभा राहिला. फौजेच्या कार्यालयात दिनेशनं दोनदा अर्ज केला. जुनं आहे, शोधतो म्हणाले. शोधत असतील. भंडाऱ्याकडच्या जोडीदाराचा पत्ता काढला तर त्याच्या पोरानं सांगितलं, बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी दिनेश म्हणाला, आत्या, आता कम्प्युटर चेहरा बनवून देते. आपण फक्त सांगायचं. चाल गोंदियाला.

मी गेली, दादा. मला वाटलं, आपल्याला तर सगळं आठवते, सांगू.

स्टुडिओवाला चांगला माणूस. पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिलं. मोठ्या पडद्यापुढे मला बसवलं आणि विचारलं, "अम्माजी, आँखें कैसी थीं? बड़ी या छोटी?"

आणि मला डोळेच आठवेनात.

मला काय आठवते सांगू? तुझी पाठ आठवते. सायकलच्या कॅरिअरवर बसून मी सौंदडला शाळेत जायची, तू चालवायचास. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, तो आठवते. मानेवर केसांची रेघ वाकडी, कारण नामदेव कात्री चालवायचा. उजव्या कानाच्या पाळीला खाच, लहानपणी बैलानं शिंग मारलेलं. पारीवरून चालताना तू पुढं, मी मागं. शेतात पाणी फोडायला गेलो की तू वाकलेला. लहान बहिणीला मोठ्या भावाचं काय दिसते? पाठच दिसते. समोर तू यायचास तेव्हा मी खाली पाहायची, तुझा धाक होता. मला काय माहीत होतं की पाहून ठेवायला पाहिजे!

मी त्याला कानाचं सांगितलं. तो म्हणाला, फोटो वर्दीतला करायचा, फौजी टोपी उजवीकडे झुकते, कान दिसणारच नाही. मग दिनेशनं बाबांचा फोटो दिला, नामदेवाचा दिला, स्वतःचा दिला. त्यातून काढा म्हणाला. पहिला चेहरा निघाला तो सिनेमातल्यासारखा गोरापान. मी म्हटलं, आमच्या घराण्यात इतका गोरा कोणी झाला नाही. त्यानं काळा केला. मिशी ठेवू का? ठेवली. गाल भरले, गाल कमी केले. दर वेळी तो विचारी, अब? आणि मी म्हणे, थोडं वेगळं. वेगळं म्हणजे कसं ते मला सांगता येत नव्हतं. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, या माणसाला किती वेळ धरून ठेवायचं, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे. तीन चेहरे त्यानं दिनेशच्या मोबाईलवर दिले. म्हणाला, घरात जो जँचेल तो कळवा.

घरात कोण होतं कळवायला? तेव्हा मला कौसल्या आठवली.

तुला आठवते का रे कौसल्या? तुझ्यासाठी पाहिलेली मुलगी. सुट्टीवर आलास की कुंकू लावायचं ठरलं होतं. तिचं लग्न पुढं दुसरीकडे झालं, संसार झाला, मालक वारला. आता पोराजवळ तिरोड्याला राहते, पोरगा वीज कारखान्यात आहे. मी दिनेशला म्हटलं, एक माणूस आहे ज्यानं दादाला समोरून पाहिलं. चाल तिरोड्याला.

तिनं मला लगेच ओळखलं. सुनेला चहा टाकायला आत पाठवलं. मी आडपडदा न ठेवता विचारलं, कौसल्या, आमचा दादा दिसायला कसा होता ते सांग. तुझ्याकडे तो पाहायला आला होता, तुझ्यासमोर बसला होता.

तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "सरू, मी कोठं मान वर केली होती? चहा ठेवला न आत गेली. पाय तेवढे पाह्यले."

पाय तिला सगळे आठवतात, दादा. डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं म्हणाली. चपला नवीन होत्या, टाचेपाशी लाल झालं होतं, चावून राहिल्या असतील. बोटं लांब होती. उठताना तू आधी उजवा पाय पुढं ठेवलास. तिनं एवढं सांगितलं आणि पदर तोंडाला लावला. माझ्याजवळ पाठ, तिच्याजवळ पाय. चेहरा कोणाजवळच नाही.

दिनेशला काय वाटलं कोणास ठाऊक, त्यानं मोबाईल पुढं केला. मावशी, यातला कोणता? तिनं चष्मा पुसून लावला. तीन चेहरे पाहिले, मधल्यावर थांबली. आणि मला विचारते, असा होता का गं?

काय सांगू मी तिला? मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायलाही जीभ उचलली नाही. तिनं दिनेशला सांगितलं, हा माझ्या पोराच्या मोबाईलवर पाठवजो बाप्पा. दिनेशनं तिथंच पाठवला. चहा पिऊन आम्ही निघालो.

मधला चेहरा ठरला तो असा. त्याचा मोठा फोटो बनून आला, दगडात बसवायला चिनीमातीवर छापलेला. सोयरे, शेजारी पाहून जाऊन राहिले. सगळे म्हणतात, हुबेहूब! बिलकुल नामदेवावर गेला आहे. अरे, नामदेवाच्याच फोटोतून काढला, त्याच्यावर नाही जाणार तर कोणावर? ज्यांनी तुला जन्मात पाहिलं नाही ते हुबेहूब म्हणतात, आणि मी जिनं पाहिलं ती गप्प.

मी दिनेशला म्हटलं, बेटा, त्या चौकोनात पुलाचा फोटो बसव. तो खरा आहे. तुझा मोठाबाबा तिथंच गेला. त्यावर तो म्हणाला, "आत्या, पुलाले कोण हार घालते?" मी म्हटलं, तुझी आजी घालत होती. तर म्हणाला, ते घरातलं झालं, हे गावाचं आहे. गावाच्या पोरांना चेहरा पाहिजे. चिडून नाही बोलला. समजावून बोलला. आणि त्याचं खोटंही नाही. मी याला नको म्हणते, पण याच्या जागी देऊ काय? माझ्याजवळ काय आहे देण्यासारखं? मानेवरची वाकडी रेघ?

हे सगळं मी गिळलं असतं. पण आता खरं दुखणं सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसली. परवा दुपारी ओसरीत डोळे मिटून पडली होती. नेहमीसारखी मनात सायकल आणली. तुझी पाठ आली, सदरा आला, कानाची खाच आली. वळणावर तू मला काही विचारायला मागं पाहायचास, तसं पाहिलंस. आणि दादा, तो स्टुडिओवाला चेहरा होता! मिशीसकट. मी उठून बसली. तोंड धुतलं, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तोच. तुला पारीवर आणलं, तोच वळून पाहते. खळ्यात आणलं, तोच. जेवायला बसवलं तर ताटावरून तोच मान वर करते. आधी तुझ्या चेहऱ्याच्या जागी धूसर का होईना, तूच होतास. नाक सांगता येत नव्हतं, पण नाक तुझं होतं. आता त्या जागेवर कोणी भलताच येऊन बसला, आणि मी त्याला उठवू शकत नाही.

मीच त्याला बसवला न? गाल कमी करा, मिशी ठेवा, मीच म्हणाली न? मग आता कोणाजवळ तक्रार करू? बाबांनी आगीत दिला तुझा फोटो, तो प्रेमानंच दिला. आम्हीही हे प्रेमानंच केलं. दिनेशनं रात्रंदिवस खपून केलं. कोणाचा गुन्हा आहे यात, तूच सांग.

आणि मी गेल्यावर काय? माझ्यानंतर तो दगडावरचाच तू. पोरं त्यालाच सलाम करतील, त्याच्याच पाया पडून भरतीला जातील. तिकडं कौसल्या तिरोड्याला त्यालाच पाहून राहिली असेल. नदीत तू एकदा गेलास. आता दुसऱ्यांदा जाऊन राहिला, आणि या वेळी मी काठावर उभी आहे, तरी माझ्यानं काही होत नाही.

सव्वीस तारखेला मला पुढच्या खुर्चीवर बसवणार आहेत. शाल देतील. पडदा ओढून झाला की हार माझ्याच हातानं घालायचं ठरलं आहे. मी घालीन. दिनेशचं तोंड पाहून मला नाही म्हणवणार नाही, आणि ज्या पोरांनी हे केलं त्यांचं मनही मोडायचं नाही. हात जोडीन, डोळे पुसीन, सगळं रीतीप्रमाणे करीन.

पण तुला एक वचन देते, दादा, एवढं एकच माझ्या हातात आहे. माइक माझ्यापुढे धरतील आणि विचारतील, आजी, भावाला ओळखलं का? तेव्हा मी खोटं बोलणार नाही. सगळ्या गावासमोर सांगीन, नाही, मी याला ओळखत नाही.

तुझी बहीण,
सरू